श्रॉपशरच्या ब्रूअर काकांना, मनापासून आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या पब ब्रुअऱ्यांच्या, म्हणजे स्वतःची बिअर स्वतः बनवणाऱ्या पबांच्या इतिहासाचं आमचं टिपण तुमच्यामुळे पूर्ण झालं. नाव छापू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून इथे ते नाही. पण आभार चारचौघांत मानायचेच आहेत.

सनावळ्या आमच्याजवळ होत्या. श्रॉपशरमधल्या बिशप्स कासलच्या थ्री टन्स या पबचा बिअर बनवायचा परवाना 1642 चा. 1830 च्या कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या करदात्याला बिअर बनवून विकायची मुभा मिळाली. पुढे मोठ्या कारखान्यांची पिंपं रेल्वेने गावोगाव पोचली, त्या कंपन्यांनी पबच विकत घेतले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची बिअर बनवणारे पब उरले चार: थ्री टन्स, मॅडलीचा ऑल नेशन्स, नेदरटनचा ओल्ड स्वान आणि कॉर्नवॉलमध्ये हेल्स्टनचा ब्लू अँकर. पण हे लोक रोज नेमकं काय करत होते, ते सनावळीत सापडत नाही. ते तुम्ही दाखवलंत.

टॉवर ब्रुअरी, म्हणजे मजल्यावर मजला असलेली उभी ब्रुअरी, वरून खाली वाचायची, हे तुमचं सांगणं फार उपयोगी पडलं. माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्ली) आणि पाणी एकदा वर चढवलं की पुढचं बरंचसं काम उतार करतो.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही मॅश टनला, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवायच्या टाकीला दिलात, आणि ते योग्यच होतं. 5 बॅरलचा घाणा म्हणजे सुमारे 820 लिटर. आंबवण्याआधी 1.040 घनतेच्या (पाण्याची 1.000) साध्या बिटरला, म्हणजे कडवट बिअरला, 25 किलोची 5 पोती माल्ट. माल्ट भरडायचा, दळायचा नाही. टरफल अखंड राहायला हवं, कारण तळाच्या भोकांच्या पत्र्यावर तेच गाळणीचं काम करतं. पीठ झालं तर चिखल बसतो आणि वर्ट, म्हणजे माल्टचा गोड रस, उतरत नाही. तोटी घाईने पूर्ण उघडली तरी तेच होतं, थर खाली ओढला जाऊन घट्ट बसतो. मग तोटी बंद करून खालून गरम पाणी सोडायचं, थर उचलू द्यायचा आणि पुन्हा धार बारीक ठेवायची.

किलोला अडीच लिटर पाणी, तेही 74 अंशांचं, म्हणजे गार माल्ट मिसळल्यावर 66 वर स्थिरावतं. 70 कडे गेलं तर बिअर जड, गोडसर होते. 62 ला पातळ आणि कोरडी. वरून शिंपायचं पाणी 78 च्या पुढे गेलं की टरफलाचा तुरटपणा उतरतो, तो नंतर हॉप्सने (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांनी) झाकला जात नाही.

1880 चा बदलही आम्हाला तुमच्यामुळेच नीट कळला. ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून वर्टवर बसवला: 1.057 घनतेच्या बॅरलला 6 शिलिंग 3 पेन्स. कर बिअर विकली जाण्याआधीच, आंबवायच्या वर्टवर ठरायचा. पुढे घाणा बिघडला तर छोट्या पबला ते किती जड जात असेल, हे त्या हिशेबावरून लक्षात येतं.

आणि तळघर. पिंप आडवं ठेवून पाचरा मारायच्या, 11 ते 13 अंश राखायचे, वरच्या बुचात मऊ लाकडाची सच्छिद्र खुंटी ठोकायची. खुंटीवर फेस येत राहील तोवर पुसत राहायचं. थांबला की कडक खुंटी. कडक खुंटी आधीच मारली तर वायू कोंडतो, तोटी ठोकताच उसळतो आणि तळाचा गाळ वर येतो. 9 गॅलनचं पिंप एकदा सुरू केलं की हवा आत जाते, साधारण तीन दिवसांत ते संपायला हवं. स्वतःच्या गिऱ्हाइकाला पुरेल तेवढंच बनवणाऱ्या पबला हे गणित सहज जमायचं, हा आमच्या टिपणाचा गाभा झाला. तो तुमचा आहे.

सोबत इंग्रजी प्रत पाठवत आहोत. कॉपरच्या (वर्ट उकळायच्या भांड्याच्या) वाफेत चष्मा न लावताही वाचता यावी, म्हणून अक्षर मोठं घेतलं आहे. आकडा कुठे चुकला असेल तर लाल शाईने खूण करून कळवा.

आपले कृतज्ञ,
बर्मिंगहॅम परिसरातले मराठी होमब्रूअर