मिश्रीबद्दल कोणी विचारत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्करोग दिनानिमित्त ठिकठिकाणी आलेले लेख वाचले. बिडी, सिगारेट, गुटखा सगळ्यांचा समाचार घेतलेला होता. मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची दाताला लावायची पूड, मात्र कुठेच नाही. कर्नाटकातल्या आमच्या मराठी बोलणाऱ्या निपाणी-चिकोडी भागात हा विसर परवडणारा नाही.

तंबाखूच्या वखारींच्या वासात वाढलेली आम्ही माणसं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डब्यात भरायची, हे काम घरोघरी बायकाच करतात. त्याला व्यसन कोण म्हणतं? ते दात घासणं! दाढ दुखली म्हणून सासूनं पहिलं बोट लावायला दिलेलं असतं, पुढे लावल्याशिवाय सकाळी पोटही साफ होत नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत तंबाखू ओढणारे प्रौढ १०.७ टक्के, तर धूर न करता वापरणारे २१.४ टक्के निघाले, म्हणजे दुप्पट.

तिशीपुढच्या सर्वांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई दारात फॉर्म भरायला येतात. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. फॉर्म कन्नडमध्ये असेल तर तिला तो वाचताही येत नाही.

पुढे गालात पांढरा किंवा लाल चट्टा उठतो, तिखट सोसत नाही. ‘उष्णतेनं तोंड आलंय’ म्हणून तूप लावलं जातं. तीन आठवड्यांत जखम भरली नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवी. पण घरात लग्नाची मुलगी असेल तर तोंडातून शब्द निघत नाही. सोयरीक मोडेल ही धास्ती. मानेत गाठ आल्यावर मग मिरज, कोल्हापूर, बेळगावच्या फेऱ्या, जबड्याचं ऑपरेशन, आणि विकायला काढलेलं रान. सुरुवातीला सापडला असता तर हाच रोग बहुधा आटोक्यात आला असता. वर परत आलेल्या बाईचं ताट वेगळं ठेवणारी शिकलेली घरंही मी पाहिली आहेत. कर्करोग उष्ट्यानं पसरत नाही, हे त्यांना कुणीतरी खडसावून सांगायला हवं.

आरोग्य खात्याला विनंती एवढीच, की ‘मिश्री लावता का?’ असं नाव घेऊन मराठीत विचारा, आणि बचत गटाच्या बैठकीला एखादी नर्स बॅटरी घेऊन पाठवा. आरोग्य केंद्रात न फिरकणाऱ्या बायका तिथं हमखास भेटतात.

— एक निवृत्त शिक्षिका, निपाणी