भिंत माझी, अक्षरे दुसऱ्याची, नोटीस मला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी २९ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. भिंतीवर रंग दिसला की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांतली मी नाही. तरी हे पत्र लिहावे लागते आहे. गेल्या महिन्यात आमच्या घराच्या गल्लीकडच्या भिंतीवर रात्रीतून कुणीतरी स्प्रेने आपले टोपणनाव लिहून गेले, आणि अकराव्या दिवशी त्याबद्दल स्थानिक संस्थेची नोटीस माझ्या हातात पडली. पंधरा दिवसांत भिंत स्वच्छ करा, नाहीतर आम्ही करू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. नोटिशीत ‘मिळकतधारक’ हा शब्द चार वेळा आला आहे. ज्याने लिहिले त्याचा उल्लेख एकदाही नाही.

अक्षरे पुरुषभर उंच आहेत. आत रुपेरी, कडेला काळी रेघ, शेवटच्या अक्षराखाली तीन ओघळ. भिंत दगडी आहे, चुन्यात बांधलेली. दगडांमधल्या सांध्यांतल्या दर्जा, म्हणजे फटींत भरलेला मसाला, त्याही चुन्याच्याच. लोक म्हणतात, त्यात काय, वरून रंगाचा एक हात मारा. उघड्या दगडावर हात कसा मारणार? एकदा रंग लावला की ती भिंत कायमची रंगाची झाली, आणि दगडातली ओल बाहेर पडायची वाट बंद झाली.

पहिल्याच सकाळी शेजारच्या दोघांना घेऊन थिनर आणि कापडाचे बोळे यांनी सुरुवात केली. रुपेरी रंग सुटला, पण निघाला नाही. पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत उतरला, आणि जिथे एक अक्षर होते तिथे हातभर करडा डाग पसरला. मग कुणीतरी ॲसिड सुचवले. वीतभर जागेवर लावून पाहिले. दगड तसाच राहिला, दर्जा मात्र फसफसू लागल्या. लगेच पाणी ओतले, तरी दुसऱ्या दिवशी बोट फिरवले तर चुन्याचा भुगा हातात आला. सासऱ्यांच्या हयातीत भरलेल्या दर्जा होत्या त्या. मला त्या भुग्याचे जितके वाईट वाटले तितके अक्षरांचे वाटले नव्हते.

जुन्या इमारतींची डागडुजी करणारे एक गवंडी भेटले तेव्हा कुठे नीट समजले. तारेच्या ब्रशाने दगडावर ओरखडे उठतात आणि ब्रशाची तूस अडकून राहिली तर पुढे गंजाचे डाग पडतात. जोराच्या पाण्याने दर्जा निघून येतात. खरा उपाय लेपाचा: रंग सोडवणारे द्रावण मातीत कालवून त्याचा जाड थर द्यायचा, वर प्लास्टिक लावायचे, थर हळूहळू रंग ओढून घेतो, मग नायलॉनच्या ब्रशाने आणि साध्या पाण्याने धुवायचे. हे दोनतीनदा करावे लागते. गवंडी म्हणाले, “बाई, रंग ताजा असताना बोलावलं असतंत तर निम्म्या कष्टात निघाला असता.”

हीच गोष्ट नोटीस काढणाऱ्यांच्या लक्षात यायला हवी. घाई करायची ती पहिल्या एकदोन दिवसांत. अकरा दिवस कागद फिरला, वर पंधरा दिवसांची मुदत. तोवर रंग पक्का झाला. आणि वसुलीच्या धाकाने माणूस जे करतो ते बहुधा भिंतीला घातकच असते: ॲसिड, तार, नाहीतर वरून चुकीचा रंग. नोटिशीत स्वच्छ करा म्हटले आहे, कशाने ते नाही.

कार्यालयातल्या गृहस्थांनी मला शांतपणे समजावले की मालकावर सक्ती नसेल तर कुणीच पुसणार नाही, आणि एक नाव राहिले की शेजारी दुसरे येते. दुसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. आमच्याच भिंतीवर आठवड्याच्या आत खाली बारीक अक्षरांत आणखी एक नाव आले. पण पुसणे गरजेचे आहे म्हणून भुर्दंड मीच का भरायचा? रात्री कुणी रस्त्यावरचा दिवा फोडला तर त्याचा खर्च समोरच्या घरावर टाकत नाहीत. माझ्यावर टाकतात, कारण लिहिणाऱ्याचा पत्ता नाही आणि माझा आहे.

दुसरीकडे हे वेगळ्या रीतीने होते. शिकागो शहराने १९९३ पासून खासगी भिंतीसुद्धा फुकट साफ करून द्यायला सुरुवात केली; विटांसाठी आणि दगडांसाठी पाण्याच्या दाबाबरोबर खाण्याचा सोडा वापरायचे ठरले. न्यूयॉर्कमध्ये मालकाला आधी कळवतात. त्याला ते चित्र ठेवायचे असेल तर तो तसे सांगू शकतो. त्याने ना पुसले ना कळवले, तर शहर स्वतःच्या खर्चाने पुसते. इंग्लंडमध्ये २००३ साली पुसण्याच्या नोटिशीची जी तरतूद केली ती रस्त्यावरचे खांब-पेट्या, वीज-टेलिफोनसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्या आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी होती, आणि मुदत निदान २८ दिवसांची. सामान्य घरमालकाच्या मागे ती लावली नव्हती. त्याच कायद्याने १६ वर्षांखालच्या मुलांना स्प्रेचे डबे विकायला बंदी घातली. कॅलिफोर्नियात अल्पवयीन मुलाने भिंत रंगवली तर पालकांवर भरपाईची जबाबदारी येते. म्हणजे करणाऱ्यापर्यंत पोचायचे रस्ते आहेत.

आणि परवानगीचे मोल दोन्ही बाजूंना आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फाइव्ह पॉइंट्झ नावाच्या इमारतीवर मालकाच्या संमतीने कलावंत वर्षानुवर्षे चित्रे काढत. २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत ती पांढरी करून टाकली. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलावंतांना ६७ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. मला तो निकाल योग्य वाटतो. ज्याला विचारून काढले त्याला विचारून पुसावे. माझ्या भिंतीला कुणी विचारले नव्हते. एखाद्या मुलाने दार वाजवून भिंत मागितली असती तर गल्लीच्या टोकाची गिलाव्याची भिंत मी आनंदाने दिली असती, रंगसुद्धा दिले असते.

माझी मागणी अशी. खबर मिळाल्यावर दोन दिवसांत स्थानिक संस्थेनेच, मालकाची सही घेऊन, सार्वजनिक निधीतून पुसावे. भिंत दगडाची, विटेची की गिलाव्याची ते आधी पाहावे. करणारा सापडला तर दंड त्याच निधीत जमा व्हावा आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली त्याच्याकडूनच भिंत धुऊन घ्यावी. मालकाने सहीही दिली नाही आणि पुसलेही नाही, तरच त्याला नोटीस जावी.

माझी मुदत येत्या गुरुवारी संपते. काल दुसरा लेप काढला. ओघळ गेले, अक्षरांच्या कडा अजून दिसतात. नोटिशीला उत्तर म्हणून मी कार्यालयात संमतीपत्र देऊन आले आहे: भिंतीला हात लावायला माझी परवानगी आहे, फक्त ॲसिड आणि तारेचा ब्रश वापरू नये. ते घेणाऱ्या कारकुनाला हा कागद कोणत्या फाइलला लावायचा ते समजेना. मी पोच घेऊन आले आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका