कॅनडातल्या ‘कनू लेक’ या तळ्यावर भेटलेल्या आजींना

प्रिय आजी,

तुमचं नाव वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही. माझी लेक पहिल्या मिनिटापासून तुम्हाला आजीच म्हणत होती, म्हणून मीही तेच म्हणते. तुम्हाला मराठी येत नाही, हे पत्र तुमच्या हाती पडेल याचीही खात्री नाही. पण टोरांटोच्या आसपास आपली बरीच माणसं राहतात, त्यांच्यापर्यंत तरी ते पोचावं. मनातून अजून काही जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत आम्ही तीन कुटुंबं मिळून अल्गोंक्विनला, तळ्यांनी भरलेल्या त्या जंगलातल्या उद्यानात जाणार होतो. आदल्या संध्याकाळी बाकीच्या दोन्ही कुटुंबांनी अंग काढून घेतलं. त्यातल्या एकीनं तर वर ऐकवलं, ‘एकटी बाई, सहा वर्षांची पोर, आणि जंगलात? हौसेला काही मर्यादा?’ घरात आम्ही दोघीच असतो, आजी. सोबत मिळेल तेव्हाच बाहेर पडायचं ठरवलं, तर माझी लेक खिडकीतूनच जग बघेल. आम्ही गेलो. वाटेत जिथून कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद बोट, भाड्यानं घेतली, तिथल्या मुलाला मी मुद्दाम विचारलं, की वल्हवणारी मी एकटीच आहे, पोर पुढे बसणार, वारा सुटला तर काय करायचं? त्यानं फोनवरची नजरही न काढता सांगितलं, ‘काही होत नाही.’

शेजारच्या ‘जो लेक’ या तळ्यावरचा मुक्काम फार सुखाचा झाला. एक डॉलरच्या नाण्यावरचा लून पक्षी समोर पाण्यात बुडी मारताना बघून लेक हरखून गेली. रात्री त्याचं ते लांबलचक ओरडणं ऐकून माझ्या कुशीत शिरली आणि सकाळी स्वतःच तसं ओरडत हिंडली.

परतीच्या दिवशी पोर्टेजवरून, म्हणजे दोन तळ्यांमधल्या पायवाटेनं, बोट आणि सामान वाहून ‘कनू लेक’मध्ये उतरलो आणि दक्षिणेचा वारा थेट तोंडावर आला. पुढे वीस किलोची पोर आणि मागे मी. बोटीचं नाक पाण्यातून वर उचललेलं. वारा त्या नाकाला धरून बोट आडवी फिरवायचा, मी ती सरळ करायची, पुन्हा तेच. टॉम थॉमसनचं स्मारक मागे पडलं होतं. तो चित्रकार १९१७ च्या जुलैमध्ये याच तळ्यात मरण पावला, आणि त्याला तर कनू चालवायची चांगली सवय होती. नको तेव्हा नको ते आठवतं. शेवटी काठावरच्या सीडरची एक फांदी हाताला लागली, ती धरून बसले. लाटांचं पाणी आत येत होतं, लेक थंडीनं काकडत होती. तीन बोटी जवळून गेल्या. आम्ही हात केला, त्यांनीही हसून हात केला आणि गेले. पोराबाळांना घेऊन निघालेली, चांगली धडधाकट माणसं होती हो ती.

मग तुम्ही आलात. एकट्या, सत्तरीच्या पुढच्या. काय झालं, एकटी का आलीस, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाहीत. बोट काठाला ओढून घेतलीत, लेकीच्या लाइफ जॅकेटचे खांदे वर ओढून पट्टे आवळलेत. तिचे ओले मोजे काढून तुमच्या पिशवीतले लोकरीचे चढवलेत, ते तिच्या मांडीपर्यंत आले. आणि मग माझ्या तोंडाकडे एकदाच बघून लेकीला म्हणालात, ‘चल, बीव्हरनं कुरतडलेलं झाड दाखवते.’ तिला घेऊन त्या मोठ्या खडकाच्या पलीकडे गेलात.

आजी, मला रडायचं होतं. लेकीसमोर रडता येत नव्हतं, कारण मी रडले असते तर तिचा धीर सुटला असता. हे तुम्हाला कसं कळलं? खडकापलीकडून तिचे प्रश्न आणि तुमची सावकाश उत्तरं ऐकू येत होती, आणि मी इकडे तोंडात ओढणीचा बोळा धरून हुंदके देत होते. तुम्ही घाई केली नाहीत. परत येताना लांबूनच तिच्याशी मोठ्यानं बोलत आलात, म्हणजे मला डोळे पुसायला वेळ मिळावा. मोजे, बोट, सगळ्याचे आभार मानते, पण त्या एवढ्याशा एकांताचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

नंतर तुम्ही बोटच मागची बाजू पुढे येईल अशी फिरवलीत. आधी लेक बसली होती त्या बाकावर मला उलट दिशेला तोंड करून बसवलंत, म्हणजे माझं वजन मधल्या भागाकडे आलं. सगळ्यात जड बॅग आणि लेक माझ्या पुढ्यात. नाक खाली बसलं आणि बोट ऐकायला लागली. एवढंच हवं होतं! तळं आडवं कापायचं नाही, काठाकाठानं जायचं म्हणालात, आणि धक्क्यापर्यंत तुमची बोट वाऱ्याच्या अंगाला ठेवलीत. दमलीस का, असं अधूनमधून विचारत होतात, ते लेकीला.

संकटात धावून येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातली निम्मी मदत करताना चार शब्द सुनावतात, उरलेली नंतर चारचौघांत सांगत फिरतात. समोरच्याची लाज राखून मदत करणारं माणूस विरळाच. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा येतोय, दोघीच. सोबत कोणी आलं तर आनंदच आहे, नाही आलं तरी आता एकटीनं कुठं बसायचं ते मला माहीत आहे. तुमची बोट दिसली तर लेक लांबूनच हाक मारेल.

तुमच्या ऋणात,
त्या दिवशीची मायलेकीची जोडी