दादा, त्या रात्रीच्या ‘आपण’साठी

दादा,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. त्या रात्रीनंतर मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तुम्ही “ते लॉग रोटेशनचं बघितलंस का?” असं काहीतरी काढलंत. म्हणून लिहितेय, आणि कुणालाही वाचता येईल असं लिहितेय. त्याला कारण आहे. यापूर्वी माझी एक चूक चारचौघांत मांडली गेली होती. मग आभारही चारचौघांतच मानले पाहिजेत.

आज नऊ दिवस झाले. अजूनही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, चालवताना बोट एंटरवर क्षणभर अडतं.

घडलं ते या धंद्यातल्या बऱ्याच जणांना ओळखीचं वाटेल. एका ग्राहकाची बिलं ज्या ईमेलवर जातात तो पत्ता बदलायचा होता. ॲडमिन पॅनेलमध्ये ती सोय आपण अजून केलेली नाही. आपल्या आठ माणसांच्या कंपनीत ‘नंतर करू’ म्हणून ठेवलेल्या गोष्टी नेहमीच झालेल्या गोष्टींपेक्षा जास्त असतात. म्हणून मी थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या, चालू डेटावर, क्वेरी लिहिली. दोन ओळींची. दुसऱ्या ओळीत व्हेअर होतं, म्हणजे बदल कुठल्या ग्राहकापुरता करायचा ती अट. मी ते लिहिलं होतं, हे मला आजही भेटेल त्याला सांगावंसं वाटतं. पण एडिटरमध्ये माउसनं पहिलीच ओळ निवडलेली राहिली होती, आणि तो एडिटर जेवढं निवडलंय तेवढंच चालवतो. ट्रान्झॅक्शनही उघडलेलं नव्हतं, म्हणजे झालेला बदल लगेच मागे घ्यायची सोय नव्हती.

उत्तर यायला हवं होतं ‘अपडेट १’, म्हणजे एक नोंद बदलली. आलं ‘अपडेट ६२१८’.

तो आकडा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसले. स्क्रीनवर लाल काही नव्हतं, एररही नव्हती. डेटाबेसच्या दृष्टीनं सगळं व्यवस्थित पार पडलं होतं. खाली कर्सर पुढच्या कामासाठी तयार होऊन लुकलुकत होता. आणि आपल्या प्रत्येक ग्राहकाचं बिल आता एकाच माणसाच्या इनबॉक्समध्ये जाणार होतं. अकरा वाजून सोळा मिनिटं झाली होती. बिलं पाठवणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, बाराला सुटतो.

दादा, तुम्हाला एक सांगितलेलं नाही, ते आज सांगते. मी तुम्हाला फोन केला अकरा वीसला. मधली चार मिनिटं फोन हातात होता आणि मी विचार करत होते की लॅपटॉप बंद करावा. सकाळी कुणाच्या तरी लक्षात येईल, तेव्हा बघू. किंवा एकटीनंच बॅकअप शोधावा, कुणाला कळायच्या आत सगळं होतं तसं करावं, आणि हा विषय जन्मात कधी काढू नये. ती चार मिनिटं माझ्या आधीच्या नोकरीची देणगी होती.

तिथेही अशीच छोटी कंपनी होती, आम्ही अकरा जण. मुलाखतीतच सांगितलं होतं, “आम्ही इथे कुटुंबासारखे राहतो.” पाचव्या महिन्यात माझ्या हातून चाचणीचा एक ईमेल खऱ्या यादीला गेला. विषयात नुसतं ‘टेस्ट टेस्ट’, आत एक ओळ. कुणाचं काही बिघडलं नाही, पैसे गेले नाहीत, माहिती फुटली नाही. पण दहा मिनिटांत त्या ईमेलचा स्क्रीनशॉट सगळ्यांच्या चॅनेलवर आला. टाकणारे खुद्द मालक. वर लिहिलेलं: “हे कोणाचं कर्तृत्व?” त्यांना माहीत होतं कोणाचं ते. मग खाली इमोजी जमत गेले. कपाळावर हात मारणारा, डोळे विस्फारलेला, हसून रडणारा. मी त्यांची संख्या वाढताना बघत होते. दुपारी तोच स्क्रीनशॉट कंपनीच्या सोशल मीडियावर गेला, ‘आमच्या टीमचा सोमवार’ म्हणून. तेवढंच मार्केटिंग होईल, असं मला समजावण्यात आलं. पाठवणाऱ्याच्या नावावर पट्टी मारली होती, पण ती इतकी फिकट होती की खालचं नाव वाचता येत होतं.

त्या वर्षानंतर मी तिथे फारशा चुका केल्या नाहीत, असं माझ्या रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं आहे. चुका होतच होत्या. मी त्या लपवायला शिकले होते.

१७ जून २०२१ ला एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेकडून सदस्यांना असाच एक रिकामा चाचणीचा ईमेल गेला होता. हे एका इंटर्नकडून झालं, आणि आम्ही त्याला यातून सावरायला मदत करतोय, असं कंपनीनं ट्विटरवर सांगितलं. त्यावर जगभरातल्या अनोळखी माणसांनी ‘प्रिय इंटर्न’ असं म्हणून स्वतःच्या चुका लिहायला सुरुवात केली. कुणी काय उडवलं होतं, कुणी कुणाला भलतंच पाठवलं होतं, कुणाची नोकरी कशी टिकली. त्या प्रतिक्रिया मी रात्रभर वाचत होते. इंटरनेटवर दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या चुकीचा स्क्रीनशॉट फिरत असतो. तिथेच एक दिवस इतकी माणसं एका घाबरलेल्या पोराच्या बाजूला येऊन बसली, हे बघून मला रडू आलं होतं. मनात एवढंच होतं, माझ्या अकरा जणांत असा एक जरी असता.

आता तुमच्या फोनकडे येते.

तुम्ही अर्धवेळ करारावर. त्या रात्री ऑन-कॉलची, म्हणजे अडचणीला धावून यायची, पाळी तुमची नव्हती. तिसऱ्या रिंगला फोन उचललात. मी “दादा, माझ्याकडून...” एवढंच म्हणू शकले. तुम्ही विचारलंत, “बिलिंग?” मी हो म्हटलं. “क्रॉन थांबव आधी. मग सांग.” मी क्रॉन थांबवला. हात इतका थरथरत होता की पासवर्ड तीनदा चुकला. तुम्ही पलीकडे गप्प होतात, पण तो गप्पपणा जड नव्हता.

क्रॉन थांबला तेव्हा मी टीमच्या चॅनेलवर लिहायला घेतलं होतं. तो मसुदा अजून आठवतो. त्यात ‘मी’ सहा वेळा आणि ‘माफ करा’ चार वेळा होतं, आणि नक्की काय झालंय हे शेवटच्या ओळीत. मी तो पाठवणार, तेवढ्यात वर तुमचा मेसेज आला:

“बिलिंगच्या टेबलवर आपल्याकडून चुकीची क्वेरी गेली आहे. बिलं थांबवली आहेत, एकही बाहेर गेलेलं नाही. आपण दुरुस्त करतोय. एक वाजता पुढचं कळवतो.”

‘आपल्याकडून.’

दादा, तुम्ही ते फार विचार करून लिहिलं नसणार. बोलण्याच्या ओघात माणूस लिहितो तसंच लिहिलं असेल. पण मी तो शब्द कितीदा वाचला याची मोजदाद नाही. ‘हिच्याकडून’ लिहिलं असतं तरी ते खरं होतं आणि मला तक्रारीला जागा नव्हती. ‘आमच्याकडून’ लिहिलं असतं तरी मी उपकारच मानले असते, कारण मग गुन्हेगाराच्या बाकावर तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसला असतात. पण ‘आमच्या’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो. आम्ही इकडे, तुम्ही तिकडे. ‘आपल्या’मध्ये कुणीच बाहेर उरत नाही. तो मेसेज वाचणारी डिझायनर, सेल्सवाला, रात्री साडेअकराला जागे असलेले आपले फाउंडर, सगळे त्या एका शब्दात आले. ज्यांनी ॲडमिन पॅनेल पुढच्या महिन्यावर ढकललं होतं तेही आले, आणि ज्यांनी मला प्रॉडक्शनचा पूर्ण ॲक्सेस देऊन ठेवला होता तेही. मराठीत ही सोय पूर्वीपासून आहे. रोज तोंडात असलेला शब्द, पण गरज पडते त्या क्षणी तो वापरायला नेमकं कुणाला सुचत नाही.

त्यानंतर चॅनेलवर कुणीही ‘कोणी केलं?’ असं विचारलं नाही. फाउंडरचं उत्तर आलं: “ओके. मी जागा आहे, काही लागलं तर सांगा.” बाकी शांतता. मी माझा मसुदा पुसून टाकला.

पुढचं काम कसं झालं ते लिहीत नाही. बॅकअप होता, चालणारा होता, आणि तो चालतो हे तुम्ही दर महिन्याला तपासता म्हणून होता, एवढं पुरे. फक्त एक गोष्ट. स्क्रीन शेअर केल्यावर मी म्हटलं, “कंट्रोल तुम्ही घ्या, माझ्या हातून नको.” तुम्ही म्हणालात, “नको. तू लिही, मी वाचतो.” आणि खरोखर एकेक ओळ मोठ्यानं वाचलीत, लहान मुलाला पुस्तक वाचून दाखवावं तशी. “बिगिन आहे. व्हेअर आहे. सगळं सिलेक्ट झालंय का बघ. हं, चालव.” उत्तर आलं ‘अपडेट ६२०४’. बॅकअपनंतर नोंदणी झालेले चौदा जण त्यात नव्हते, त्यांचे पत्ते लॉगमधून हातानं काढायचे होते. तुम्ही म्हणालात, “सात तू, सात मी.” चौदाच्या चौदा मी एकटीनं केले असते, मला ते करायचेच होते. तुम्ही करू दिले नाहीत.

पावणेतीनला फोन ठेवताना तुम्ही एक लिंक पाठवलीत आणि म्हणालात, “झोपायच्या आधी वाच.” तो गिटलॅबचा, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा, अहवाल होता. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनीअरनं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. शेवटी कामी आली ती कुणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत. आणि तरी त्या कंपनीनं दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, कागदपत्रं सगळ्यांना खुली केली. मी पहाटे ते वाचताना चुकणाऱ्याचं नाव शोधत होते. त्यांच्या नोंदींत होतं ‘टीम मेंबर १’. बास, एवढंच. बाकी सगळी पानं कारणांची. बॅकअप का पडत होते, ते पडतात हे सांगणारे ईमेल कुणापर्यंत का पोचत नव्हते.

एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेत तेव्हा तंत्रज्ञान सांभाळणाऱ्या जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये हाच विचार मांडला होता, की माणसाला शिक्षेची भीती असेल तर नेमकं काय घडलं ते तो सांगत नाही, आणि न सांगितलेली गोष्ट दुरुस्त करता येत नाही. हे मी आधीही वाचलं होतं. आधीच्या कंपनीच्या भिंतीवरसुद्धा त्या अर्थाचं पोस्टर होतं. पण त्याचा हिशेब मला त्या रात्री कळला, तोही मिनिटांत. अकरा वीसपासून बारापर्यंत चाळीस मिनिटं होती. मी चाराऐवजी पंचेचाळीस मिनिटं घाबरत बसले असते, तर सहा हजार माणसांची बिलं एका परक्या इनबॉक्समध्ये गेली असती. चांगुलपणाला छोट्या कंपन्यांना वेळ नसतो, आधी वाढू द्या, असं मी खूप ऐकलं आहे. त्या रात्री सगळ्यात वेगानं काम केलं ते तुमच्या चांगुलपणानंच. आणि मी तुम्हाला फोन का केला? कारण सहा महिन्यांपूर्वी नव्या मुलानं स्टेजिंग, म्हणजे चाचणीचा सर्व्हर, बंद पाडलं होतं तेव्हा तुम्ही त्याच्याशी कोणत्या आवाजात बोललात, ते मी शेजारच्या खुर्चीवरून ऐकलं होतं. तुमच्या ते लक्षातही नसेल.

आता एक भांडण आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अहवाल लिहून रिपॉझिटरीत, म्हणजे आपल्या कोडच्या सामायिक साठ्यात, टाकलात. मी तो धडधडत्या छातीनं उघडला. सुरुवातीपासून ‘आपण’. आपण क्वेरी चालवली, आपण ट्रान्झॅक्शन उघडलं नव्हतं, निवडलेलाच भाग चालवणारा एडिटर आपण प्रॉडक्शनवर वापरत होतो, पॅनेल आपण पुढे ढकललं. आणि मग ४१ व्या ओळीवर, दुरुस्तीच्या भागात, अचानक माझं नाव. ‘डेटा पूर्ववत करण्याचं काम तिने केलं.’ पुढे आणखी दोनदा. चूक आपली आणि दुरुस्ती माझी?

तुम्हीच एकदा सांगितलं होतंत की गिटमध्ये, म्हणजे फायलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, कुठली ओळ कुणी लिहिली ते बघायच्या कमांडला ब्लेम म्हणतात, पण त्याआधीच्या सबव्हर्जन या तशाच साधनात तीच कमांड ‘प्रेज’ लिहूनही चालायची. दोष द्यायचा असो की कौतुक करायचं असो, यादी तीच येते. मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली होती.

तर मी ४१ वी ओळ बदलली आहे, आणि पुढच्या दोन्हीही. जिथे माझं नाव होतं तिथे ‘आपण’ केलं आहे. चौदा पत्त्यांच्या जागी ‘सात तिने, सात दादांनी’ असं सरळ लिहिलं आहे. तुम्हाला विचारलेलं नाही. ब्लेम करून बघा, तिथे माझं नाव दिसेल.