पाणी न तपासता बसवलेली यंत्रणा आणि ‘दोष तुमच्या विहिरीत आहे’ हे उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय: विहिरीच्या पाण्यासाठी घेतलेली ‘पूर्ण घर प्रेशर व शुद्धीकरण’ यंत्रणा. चुकीचा पंप, चुकीची जोडणी, चुकीचं शुद्धीकरण आणि काल फोनवर मिळालेली वागणूक.

काल संध्याकाळी तुमच्या तक्रार केंद्राने शेवटचं उत्तर दिलं: “मॅडम, मशीनमध्ये काही दोष नाही, तुमच्या विहिरीतच दोष आहे. तक्रार बंद करतोय.” म्हणून हे पत्र त्या केंद्राला न पाठवता थेट तुम्हाला पाठवत आहे. पंप, टाकी, फिल्टर तुम्ही बनवता, तेव्हा कोणता भाग कशासाठी असतो हे तुम्हाला समजावायची गरज नाही. तो कुठे आणि कसा बसवलाय एवढंच सांगते.

विहीर राजापूर तालुक्यातली, जांभ्यात खोदलेली, १२ मीटर खोल. जुलैत पाणी कठड्यापासून ३ मीटरवर असतं, मे महिन्यात साडेनऊ मीटरवर जातं. ही दोन्ही मापं तुमच्या विक्री प्रतिनिधीने फॉर्मवर स्वतः लिहिली आणि तरीही कठड्याशेजारी ओट्यावर बसणारा एक एचपीचा सेल्फ-प्रायमिंग पंप दिला. जमिनीवरचा पंप ७ मीटरच्या पुढे भरवशाने पाणी ओढत नाही. तुमच्याच माहितीपत्रकात सक्शन (पाणी ओढायची मर्यादा) ७ मीटर छापलेलं आहे. म्हणजे उन्हाळ्यात हा पंप हवा ओढणार, हे फॉर्म भरला त्याच दिवशी ठरलेलं होतं आणि झालंही तसंच. ओढीच्या पाइपच्या टोकाचा फूटवॉल्व्ह उघडा पडला, पंप कोरडा चालला, पंपातलं पाणी अडवणारं मेकॅनिकल सील जळालं. त्यावर ‘ड्राय रन, वॉरंटीबाहेर’ असा शेरा मारून नव्या सीलचे पैसे तुम्ही घेतलेत. कोरडं चालू नये म्हणून पंप बंद करणारं साधं संरक्षणसुद्धा तुम्ही बसवलेलं नव्हतं. ते पैसे परत हवेत.

आता प्रेशर. स्विच १.४ बारला (बार हे दाबाचं माप) पंप सुरू करतो, २.८ बारला बंद करतो. सोबत २४ लिटरची प्रेशर टाकी आहे. टाकीतल्या रबरी पिशवीमागची हवा पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा किंचित कमी, म्हणजे १.३ बारच्या आसपास हवी. ती मोजायची रीत अशी: पंपाची वीज बंद करायची, नळ उघडून टाकी पाण्यापासून पूर्ण रिकामी करायची आणि मग गाडीच्या ट्यूबसारख्या त्या वॉल्व्हवर गेज लावायचा. टाकीत पाणी असताना लावलेला गेज पाण्याचाच दाब दाखवतो. तुमच्या तंत्रज्ञाकडे गेज नव्हता. त्याने हवेच्या पंपाने हवा भरली आणि टाकीवर थाप मारून “टाइट आहे” म्हणून सांगितलं. मी टाकी रिकामी करून मोजल्यावर हवा २.६ बार निघाली.

याचा अर्थ तुमच्या अभियंत्यांना लगेच कळेल. १.३ बारला ही टाकी पंप सुरू न करता सुमारे साडेआठ लिटर पाणी देते. २.६ बारला जेमतेम सव्वा लिटर देते. शॉवर मिनिटाला ८ लिटर घेतो, म्हणजे दहाव्या सेकंदाला टाकी संपते, दाब एकदम कोसळतो, पंप धक्का देऊन सुरू होतो, काही सेकंदांत २.८ गाठतो आणि बंद होतो. पुन्हा तेच. प्रत्येक सुरुवातीला मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. असा पंप किती दिवस टिकेल?

याहून मोठी चूक जोडणीत आहे. पंप, स्विच, मग बारीक गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर, आणि त्याच्यापुढे प्रेशर टाकी, अशी ओळ तुमच्या माणसाने लावली. स्विच आणि टाकी यांच्या मध्ये फिल्टर कधीही घालत नाहीत. कार्ट्रिज गाळाने भरू लागलं की स्विचच्या बाजूला दाब क्षणात २.८ होतो, पलीकडे टाकी रिकामीच राहते. पंप बंद होतो, दाब फिल्टरमधून झिरपून खाली येतो, पंप पुन्हा सुरू होतो. स्विचचे पॉइंट टकटक वाजत जळतात. दोन युनियन (पाइपचे सुटणारे जोड) सोडून फिल्टर टाकीच्या पुढे नेला तर हे थांबतं. तासाभराचं काम आहे. फोटो पाठवले, त्यावर बाणाने दाखवलं. उत्तर आलं, “स्विच बदलून मिळेल, चार्जेस लागतील.” नवा स्विचही त्याच जागी जळेल.

आता कालचा फोन. तो मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात आणि तुम्ही ते ऐकावं अशी माझी मागणी आहे.

तक्रार सांगितली: पाणी बादलीत येताना स्वच्छ असतं, तासाभराने तांबूस होतं, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात. पलीकडून: “पाणी लाल येतंय म्हणजे हार्डनेस वाढलाय मॅडम. सॉफ्टनरच्या टाकीत मीठ वाढवा.” मी म्हटलं, कठिणता ३८ आहे, प्रयोगशाळेचा अहवाल तुमच्या ईमेलवर आहे. “३८ म्हणजे हाय आहे का?” मी सांगितलं, २०० पर्यंत चालते, आमचं पाणी मुळातच मऊ आहे, लाली लोहाची आहे. थोडी शांतता. मग: “मॅडम, हे जरा टेक्निकल आहे. घरात सर असतील तर त्यांना द्या ना फोन.”

मी सांगितलं, टाकीतली हवा मी मोजली आहे, जोडणीचे फोटो मी पाठवलेत, बिल माझ्या नावावर आहे, बोलायचं ते माझ्याशी बोला. मला होल्डवर ठेवलं. होल्डवर तुमचीच जाहिरात वाजत होती. मग सुपरवायझर आले. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं: हवा २.६ बार, फिल्टरची जागा, पीएच, लोह. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तक्रार सरांच्या नावाने घेऊ का? टेक्निशियन त्यांच्याशी कोऑर्डिनेट करेल.” मी नाही म्हटल्यावर आवाज बदलला आणि विहिरीत दोष असल्याचं ते उत्तर आलं. फोन ठेवला तेवढ्यात मोबाइलवर संदेश: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.’

माझ्या प्रश्नांना उत्तर नव्हतं म्हणून प्रश्न विचारणारी बाईच चुकीची ठरवली. याबद्दल लेखी माफी हवी, आणि ती तक्रार माझ्याच नावाने पुन्हा उघडलेली हवी.

आता पाणी. यंत्रणा विकताना तुम्ही पाणी तपासलं नाही. बसवतानाही तपासलं नाही. मी तपासून घेतलं. पीएच विहिरीवरच मोजला, कारण बाटलीत कार्बन डायऑक्साइड उडतो आणि आकडा बदलतो. लोहाच्या नमुन्यात तिथेच नायट्रिक ॲसिड घातलं, नाहीतर लोह बाटलीच्या तळाशी बसतं. निकाल: पीएच ५.८, लोह लिटरमागे २.४ मिलिग्रॅम, कठिणता ३८, टीडीएस (विरघळलेले क्षार) ७२. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) पीएच ६.५ ते ८.५ हवा आणि लोह १ मिलिग्रॅमच्या आत हवं. पावसाळ्यातल्या नमुन्यात ई. कोलाय आढळला, तो १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. आम्ल, मऊ आणि लोहयुक्त पाणी जांभ्याच्या विहिरींत नवीन नाही. कोकणात यंत्रणा विकणाऱ्या कंपनीला हे आधीच ठाऊक हवं.

अशा पाण्यासाठी तुम्ही सॉफ्टनर, म्हणजे कठिणता काढणारं यंत्र दिलात. काढायला कठिणता जवळजवळ नाहीच, आणि विरघळलेलं लोह त्यातल्या रेझिनच्या दाण्यांवर बसून ते निकामी करतं. ४० लिटर रेझिनच्या प्रत्येक धुण्याला साधारण ६ किलो मीठ जातं. ते खारं पाणी तुमच्या माणसाने केळीच्या आळ्याकडे सोडलं आणि केळीची पानं कडेने करपली. पुढे जंतू मारणारा यूव्ही दिवा आहे. त्याच्या काचेच्या नळीवर लोहाचा तपकिरी थर चढलाय, म्हणजे किरण पाण्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. पॅनेलवर हिरवा दिवा मात्र लागलेला असतो. घरातले त्या दिव्याच्या भरवशावर पाणी पितात. ज्या विहिरीत ई. कोलाय सापडला तिथे हा दिवा विश्वासघात आहे, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही. काच काढून पुसा असं तुमच्या तंत्रज्ञाने एकदाही सांगितलं नाही. लालीवर त्याचा उपाय विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचा होता. क्लोरीनने जंतू मरतात, पण विरघळलेल्या लोहाचा गंज आणखी लवकर होतो. पाणी पूर्वीपेक्षा लाल झालं.

आता तुम्ही ‘अपग्रेड’ म्हणून १३ इंची लोह फिल्टर आणि पूर्ण घराचा आरओ सुचवताय. टीडीएस ७२ असताना आरओ कशाला? टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, असे निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्येच दिले होते. लोह फिल्टरचं माध्यम, म्हणजे आतले दाणे, पीएच ६.८ च्या खाली नीट काम करत नाही, आमचा ५.८ आहे. शिवाय १३ इंची टाकीतलं माध्यम उलट धुताना उचललं जायला मिनिटाला सुमारे ३६ लिटर पाणी लागतं. तुमचा पंप उन्हाळ्यातल्या ओढीवर २० लिटरसुद्धा देत नाही. माध्यम धुतलंच जाणार नाही, काही महिन्यांत त्याचा दगड होईल, आणि पुन्हा विहिरीवर खापर फुटेल.

हवं आहे ते असं. विहिरीत ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, ड्राय रन संरक्षणासह. त्याचं पाणी फवाऱ्याने १००० लिटरच्या साठवण टाकीत: फवारताना कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो, लोहाला हवा मिळते, बराच गाळ तळाशी बसतो. टाकीला तळाशी गाळ सोडायचा कॉक, आणि घराकडे जाणारा पाइप तळापासून १५ सेंटिमीटर वर. तिथून प्रेशर पंप, एनआरव्ही (पाणी मागे जाऊ न देणारा वॉल्व्ह), स्विच आणि टाकी एकमेकांना लागून, मध्ये काहीही नको. मग चुनखडीच्या खड्यांची टाकी. ते विरघळतात म्हणून अधूनमधून भर घालावी लागते. मग १० इंची लोह फिल्टर, जो मिनिटाला २१ लिटरवर धुतला जातो. प्रेशर पंप तेवढं देणाराच निवडा. त्यानंतर ५ मायक्रॉन, सर्वांत शेवटी यूव्ही. सॉफ्टनर परत न्या आणि त्याची रक्कम वळती करा. फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक गेज बसवा, म्हणजे कार्ट्रिज कधी बदलायचं ते विचारायला कुणाला फोन करावा लागणार नाही.

इथल्या गावांत पंप म्हटलं की तुमचंच नाव घेतात. तुमचे जुने पंप वर्षानुवर्षं चाललेले पाहिले आहेत, म्हणूनच इतर ठिकाणी भाव न विचारता तुमच्याकडे आले. त्या नावावर आज असा माल खपतोय याचं वाईट वाटतं. पाणी न तपासता यंत्रणा विकू नका, एवढं तरी करा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आणि कामाची तारीख आली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. तक्रार माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि बिलावरच्या रकमेला शुल्क नाही. पाण्याचे अहवाल, गेजचे फोटो, तपकिरी नळीचा फोटो आणि ‘समाधानकारक निवारण’ हा संदेश सोबत जोडला आहे.

यावेळी माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याकडे हवेचा गेज आणि पीएच मीटर असू द्या. नसेल तर पाठवू नका.

ग्राहक
(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलावर आहे. बोलणं माझ्याशीच करावं.)