पतंगाचा फोटो छापाल तेव्हा झाडाचं नावही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात फुलपाखरांचे फोटो नावासकट येतात, मी ते आवर्जून बघतो. पतंग मात्र फक्त कीड म्हणून येतात, तेही फवारणीच्या सल्ल्यात. जगात फुलपाखरांच्या साधारण १८ हजार जातींची नोंद आहे आणि पतंगांच्या १ लाख ६० हजारांच्या आसपास, म्हणजे बागेत संध्याकाळी पानाखालून जे काही भुर्रकन उडतं ते बहुतेक यातलंच, आणि त्यातले कितीतरी तर नखाएवढेही नसतात.

लोक अशा बारक्या पतंगांचे फोटो पाठवून विचारतात हा कोणता, आणि उत्तर मिळत नाही. कारण फोटोत नुसता करडा ठिपका, तो किती मोठा होता, कुठल्या झाडावर होता, काहीच नाही. खरं तर रंगाच्या आधी बसायची पद्धत बघावी. प्लूम मॉथ नावाचा पतंग पंख गुंडाळून काडीसारखे आडवे धरतो, अगदी इंग्रजी टी अक्षर. टॉर्ट्रिक्स नावाच्या कुळातले पतंग वरून घंटेसारखे दिसतात, गवतातले काही पंख अंगाभोवती लपेटून वाळक्या काडीसारखे बसतात, आणि काही पुढच्या पायांवर छाती उचलून बसतात. एवढं कळलं तरी आपण कुळापर्यंत पोचतो.

दुसरं म्हणजे झाड. माझ्या कुंडीतल्या लिंबाच्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा यायच्या, दोन वर्षं मी नुसता फवारत बसलो. मग एकदा कडा दुमडलेली दोनचार पानं तोडून वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं, आणि काही दिवसांनी एकीत चंदेरी पांढरा पतंग दिसला, पंख पसरले तर जेमतेम चार-पाच मिलीमीटर, टोकाला एक काळा ठिपका. पानात रेघा पाडणाऱ्या नागअळीचा हाच तो पतंग! नुसता पतंग बघून मला तो ओळखता आला नसता, पण लिंबाचं पान आणि ती रेघ बघितली की फार शोधावं लागत नाही. दुसऱ्या बाटलीत पतंगाऐवजी बारकीशी परजीवी माशी निघाली, म्हणजे अळीला खाणारा मित्रकीटक तिथेच होता आणि मी फवारणीत त्यालाही मारत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून फवारायच्या आधी फोटो काढा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पतंग बोटांनी धरू नका, पंखांवरचे खवले निघाले की खुणाच जातात. छोट्या पारदर्शक डबीत घ्या, फारच धडपडत असेल तर डबी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नाही), मग एक फोटो वरून, एक बाजूने, शेजारी मोजपट्टी, आणि जिथे सापडला तिथेच सोडून द्या. तारीख आणि झाड लिहून ठेवा.

फोटोवरून कीटक ओळखणारं ॲप नाव सुचवतं ते जरूर बघा, सुरुवात करायला चांगलं आहे, पण बारक्या पतंगांत तेच नाव पक्कं धरू नका. काही जाती इतक्या सारख्या असतात की मायक्रोस्कोपखाली जननेंद्रियं तपासल्याशिवाय तज्ज्ञसुद्धा सांगत नाहीत. तिथे फक्त कुळाचं नाव लिहून थांबणं हे चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं, कारण चुकीचं नाव एकदा छापलं की दहा जण तेच पुढे लिहितात.

तर विनंती एवढीच की फुलपाखरांच्या शेजारी बारक्या पतंगांनाही थोडी जागा द्या, मोठा केलेला फोटो आणि बाजूला खऱ्या मापाचा, खाली झाडाचं नाव. लिंबावरच्या या पतंगाचा मोजपट्टीसकट फोटो आणि त्या पानाचाही फोटो माझ्याकडे आहे, सांगाल तेव्हा पाठवतो.

आपला,
एक वाचक