आर्डमोरचा दगड आणि बाबांची कंबर

कॉर्क,
रविवार, नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर बाबा "मी ठीक आहे, आईशी बोल" एवढं म्हणतात आणि फोन तिच्या हातात देऊन मोकळे होतात. पत्राचं तसं नसतं, ते ज्याचं त्याला वाचावं लागतं. तेव्हा बाबा, चष्मा लावा आणि झोपाळ्यावर बसा. बसवत नसेल तर पडून वाचा. मला काय कळलंय ते पुढे लिहितेच.

काल आम्ही आर्डमोरला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्यासोबत राहणारी केरळची नर्स. गाडी तिची, डबा माझा. इथून तासाभराचा रस्ता. वाटेत यॉल नावाचं गाव लागतं. पाटीवरचं स्पेलिंग बघून मी पहिलं दीड वर्ष त्याला 'यूघल' म्हणत होते आणि एकानंही मला दुरुस्त केलं नाही. इथल्या माणसांचा हा सभ्यपणा मला अजून पचलेला नाही. आपल्याकडे चहावाल्यानंसुद्धा सुधारलं असतं. यॉल सोडलं की ब्लॅकवॉटर नदीवरचा पूल येतो, तिथे कॉर्क काउंटी संपून वॉटरफर्ड सुरू होते. मग उजवीकडे एक अरुंद फाटा. दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर फ्यूशियाची लाल फुलं झुमक्यांसारखी लोंबत असतात आणि एका वळणावर अचानक खाली समुद्र दिसतो. आंजर्ल्याला कड्यावरून उतरताना दिसतो ना, तसाच. मी "थांब, थांब" म्हणून ओरडले, तर तिला वाटलं गाडीखाली मांजर आलं.

गाव असून असून किती, आपल्या एखाद्या आळीएवढं. एकच मुख्य रस्ता, त्यावर पिवळी, निळी, गुलाबी घरं. काहींवर अजून गवताची शाकारणी आहे, आजीच्या गोठ्यावर असायची तशी, फक्त कडा कात्रीनं कापल्यासारख्या सरळ. १९९२ साली आयर्लंडमधलं सर्वांत नीटनेटकं गाव म्हणून याला बक्षीस मिळालं होतं आणि तो रुबाब अजून टिकवून आहेत. पाऊस झिमझिम होता. याला इथे 'सॉफ्ट डे' म्हणतात, म्हणजे मऊ दिवस. आईला हा शब्द आवडेल. आपल्याकडच्या श्रावणाला म्हणायला हरकत नाही, आषाढाला मात्र चालणार नाही.

आता बाबांचा विषय. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा तुमचा हिशेब मी इथे लावून पाहिला. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती. लहानपणी हे तुम्ही पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. बरोबर सव्वाअकराला आम्ही पुळणीवर उभ्या, आणि समुद्र पार मागे गेलेला! खडक उघडे, त्यांवर तपकिरी शेवाळ लोळतंय, कावळ्यांच्या जागी सीगल हिंडताहेत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहिलं होतं म्हणून मी बुचकळ्यात पडले नाही. पण गंमत बघा. पौर्णिमेच्या दुपारी तुमच्याकडे समुद्र काठोकाठ भरलेला असतो, इथल्या दुपारी मात्र तो रिकामा असतो. हर्ण्याला कोळी नारळ वाहत असतील, तेव्हा माझ्यासमोर नारळ टाकायला पाणीच नव्हतं.

आम्हाला मात्र ओहोटीच हवी होती, कारण इथला दगड पुळणीवर आहे. गावाचा संत डेक्लन. लोक म्हणतात, सेंट पॅट्रिक आयर्लंडमध्ये यायच्या आधीच, पाचव्या शतकात, यानं इथे धर्म आणला. तो वेल्सहून परत येत असताना त्याची घंटा मागे विसरली. तेव्हा एक मोठा दगड त्या घंटेसकट समुद्रावर तरंगत त्याच्या गलबतामागून आला. दगड जिथे लागेल तिथे मी देऊळ बांधीन, असं डेक्लन म्हणाला. दगड इथे लागला. हिमयुगात बर्फाच्या ओघानं वाहून आलेला तो दगड आहे, असं भूगर्भवाले म्हणतात. पण ज्यांच्या रामायणात सेतूचे दगड तरंगतात त्या आपण कशाला नाक मुरडा?

दगड काही फार देखणा नाही. बसलेल्या म्हशीएवढा, दोन खडकांवर टेकलेला, त्यामुळे खाली एक बुटका बोगदा तयार झालाय. डेक्लनचा दिवस २४ जुलै. त्या सुमारास गावची जत्रा असते, तिला 'पॅटर्न' म्हणतात, 'पेट्रन' म्हणजे गावाचा रक्षक संत, त्या शब्दावरून. पूर्वी जत्रेला हजारोंनी माणसं यायची आणि ज्यांची पाठ-कंबर धरली आहे ती या बोगद्यातून रांगत पलीकडे जायची. म्हणजे दुखणं जातं.

बाबा, आता कळलं ना मी तिथे का गेले?

मागच्या रविवारी आईच्या तोंडून निसटलं, की आषाढातल्या संकष्टीला बाबा कड्यावरच्या गणपतीला गेले नाहीत. पाऊस होता म्हणाली. मला कळायला लागल्यापासून पावसामुळे तुमची संकष्टी चुकल्याचं आठवत नाही. मग मी दादाला खोदून विचारलं. पाटावरून उठताना भिंत धरावी लागते, रात्री डाव्या पायात कळ येते, आणि आता गणपती आणायला तुम्ही जाणार नाही, शेजारच्या मुलाला सांगितलंय. हे सगळं मला तिसऱ्याच्या तोंडून कळायचं का?

तर मी त्या दगडाखाली शिरले. हसू नका. रेनकोटसकट, ओल्या वाळूत कोपरं टेकून. अर्ध्यात गेल्यावर माझ्या टोपीचं टोक वर कशात तरी अडकलं आणि मी ना पुढे, ना मागे. नाकासमोर दगडाला चिकटलेल्या कालवांसारख्या बारीक शिंपल्या, तोंडात खारट पाणी, आणि मागे ही मल्याळममध्ये हसतेय. शेवटी तिनं पाय धरून ओढलं. म्हणजे मी आत गेले तशीच बाहेर आले, पलीकडे गेलेच नाही. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा हे सगळं बघत उभे होते. मी त्यांना सांगितलं, कंबर माझी नाही, वडिलांची दुखते, त्यांच्या वतीनं चाललं असतं का? त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "छे. कंबर इथे आणायला लागेल."

नंतर टेकडीवर चढलो. तिथे बाराव्या शतकातला गोल मनोरा आहे, ३० मीटर उंच. तुमच्या मापात सांगायचं तर दोन माड एकावर एक. मला बघताक्षणी दीपमाळच वाटली, फक्त दिवे ठेवायच्या जागा नसलेली. खालून वर निमुळता होत जातो, मध्ये तीन ठिकाणी दगडाची बारीक कंगणी आणि वर टोपीसारखं टोकदार शिखर. दार जमिनीपासून चांगलं दोन पुरुष उंचावर. आत जायला शिडी लागायची. आयरिश भाषेत अशा मनोऱ्याला 'घंटेचं घर' म्हणतात, पण १६४२च्या लढाईत याच्यात माणसं लपून लढली होती.

शेजारी छप्पर उडालेलं जुनं देऊळ आहे, त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर कमानींच्या दोन ओळींत कोरीव काम. खाऱ्या वाऱ्यानं चेहरे झिजून गेलेत, तरी एकेक ओळखू येतं. आदम आणि हव्वा, झाड आणि साप. एका मुलावर दोन आया भांडताहेत आणि राजा निवाडा करतोय. आई, तू ही गोष्ट मला सांगायचीस, फक्त तुझ्या गोष्टीत राजा वेगळा होता. एके ठिकाणी माणसांचे आत्मे तराजूत तोलताहेत, म्हणजे चित्रगुप्ताचंच खातं. आत दोन दगड आहेत, त्यांवर ओघम नावाची जुनी लिपी. अक्षरं नाहीतच, दगडाच्या कडेवर नुसत्या खाचा. गवळी रतिबाच्या रेघा दाराच्या चौकटीवर ओढायचा तशा. बहुतेक ओघम दगडांवर अमक्याचा मुलगा तमका एवढंच असतं म्हणे. दीड हजार वर्षं टिकवायला माणसानं बापाचं नाव निवडलं, याचं मला जरा बरं वाटलं.

आवारात एक छोटीशी खोली आहे, तिथे डेक्लनला पुरलं असं मानतात. लोक तिथली माती अंगाऱ्यासारखी घरी न्यायचे. नेऊन नेऊन जमिनीत खड्डा पडलाय.

मग कड्यावरची वाट, चारेक किलोमीटरचा फेरा. सुरुवातीलाच डेक्लनची विहीर. विहीर म्हणजे झराच, दगडी चौकटीत. लोक उजवीकडून प्रदक्षिणा घालतात आणि दर फेरीला खड्यानं भिंतीवर फुली ओढतात. पिढ्यान् पिढ्या त्याच जागी ओढून फुल्यांच्या खोल चिरा झाल्यात, माझं बोट पेराएवढं आत गेलं. खाली समुद्र, वर विहीर, आणि मला आपल्या गणपतीचं पाऊल आठवलं. समुद्र आत आला म्हणून देव पाऊल टाकून कड्यावर चढला, ते. इथला संत समुद्रातून आला, आपला देव समुद्राला कंटाळून वर गेला, एवढाच फरक.

पुढे वळणावर खाली खडकांत एक गंजलेली क्रेन पडली आहे. सॅमसन तिचं नाव, क्रेनचं जहाजच ते. १९८७च्या डिसेंबरात तिला लिव्हरपूलहून माल्टाला ओढून नेत असताना वादळात दोर तुटला आणि ती इथे येऊन आदळली. तेव्हापासून तिथेच आहे. आता लोखंडाचा सांगाडा उरलाय, त्यावर पक्षी बसतात. मैत्रीण फोटो काढत होती. मला रत्नागिरीला मिऱ्याच्या किनाऱ्यावर वादळात लागलेलं बसरा स्टार जहाज आठवलं, आणि ते आठवलं की पुढचं आठवतंच. ३ जून २०२०. मला इथे येऊन आठ महिने झाले होते, विमानं बंद, आणि निसर्ग वादळानंतर सहा दिवस तुमचा फोन लागला नाही. सातव्या दिवशी दादाचा मेसेज आला, "दोघं बरे आहेत, वाडी गेली." एकोणीस माडांतले सात राहिले, पोफळी तर उभीच राहिली नाही. माणसं मिळत नव्हती म्हणून बाबा तुम्ही महिनाभर एकट्यानं ओंडके ओढले, कौलं चढवली. ती कंबर तेव्हाच गेली. तेव्हाही "मी ठीक आहे" हेच सांगितलंत, आणि मीही ते मान्य केलं, कारण मान्य करणं सोयीचं होतं.

तर आता ऐका. दादा येत्या शनिवारी पुण्याहून गाडी घेऊन येतोय. चिपळूणला हाडांच्या डॉक्टरांची वेळ त्यानं घेतली आहे. "चतुर्थी झाल्यावर बघू" चालणार नाही, चतुर्थी झाली की तुम्ही पितृपक्ष काढाल, मग नवरात्र. रिपोर्ट आले की फोटो काढून मला पाठवायचे. चिडायचं असेल तर माझ्यावर चिडा, दादावर नको, तो बिचारा निरोप्या आहे. आई, जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या डब्यातून काढून त्याच्याबरोबर दे. कुठली गोळी किती वर्षं चालू आहे ते डॉक्टरांना बघू दे.

यंदाही मला गणपतीला येता येत नाही. रजा डिसेंबरात आहे. हे तिसरं वर्ष, मला मोजता येतं, मुद्दाम मोजून सांगू नका.

आणि जूनमध्ये तुम्ही दोघं इथे या. पासपोर्ट काढून तीन वर्षं कपाटात ठेवलेत, कोऱ्या वहीसारखे. "काय बघायचं तिथे, समुद्र इथेही आहे," हे बाबांचं म्हणणं मला पाठ आहे. समुद्र आहेच. पण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा आई अंगणात बसून निवडटिपण करू शकेल. इथे बांगडे मिळतात, आपल्यापेक्षा जरा सडपातळ. खडकांवरचं कॅरागीन नावाचं शेवाळ वाळवून दुधात उकळतात, की दूध थंड झाल्यावर खरवसासारखं थिजतं. तेच आमच्या कारखान्यात पोत्यांनी येतं, औषधं घट्ट करायला. खोकल्यालाही देतात. आईनं नाक मुरडलं असेल आत्ता, पण वेलची घातली की कळत नाही, मी करून पाहिलंय.

नारळीभात केला असशीलच. आमच्याकडे डब्यातलं नारळाचं दूध घालून झाला, गूळ मात्र खरा होता.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, काल आर्डमोरला पूर्ण ओहोटी दुपारी साडेबाराच्या सुमारास होती, आज ती सव्वाच्या पुढे गेली असणार. यावरून इथल्यासाठी पाऊणपटीत किती तास मिळवायचे ते काढून ठेवा. घड्याळ इथलंच धरा. जूनमध्ये त्या दगडाकडे कधी निघायचं, ते तुम्हीच सांगायचं आहे.